15 किलोचा बॉट आणि तीन चेसिस

रोबोवॉर, म्हणजे रिमोटवरच्या रोबोंची मारामारी, म्हटलं की सगळे हत्याराचंच विचारतात, ड्रम किती किलोचा, आरपीएम किती, ठिणग्या किती उडाल्या. चेसिसचं, म्हणजे बॉटच्या सांगाड्याचं, कुणी विचारत नाही. आम्हीपण नव्हतं विचारलं, म्हणून एका वर्षात तीन बनवाव्या लागल्या.

आम्ही चौघं, कोल्हापुरात डिप्लोमा मेकॅनिकलला. पवईला आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये रोबोवॉर्स बघून आलो आणि डोक्यात खूळ शिरलं. 15 किलो गटात उतरायचं ठरलं, पुढं फिरणारा ड्रम, चार चाकं, बस. वेल्डिंग आणि लेथसाठी शिवाजी उद्यमनगरातले एक मामा भेटले (नात्यानं आमचे कुणाचेच नाहीत, पण अख्खी गल्ली त्यांना मामाच म्हणते). संध्याकाळी सहानंतर मशीन मोकळं असलं की वापरा म्हणाले, चहा मात्र तुम्ही आणायचा.

पहिली चेसिस 25 बाय 25 बाय 3 मिमीच्या एमएस (साध्या लोखंडाच्या) अँगलची. का, तर एकाच्या घरी शेड मारून तो उरला होता, एवढंच कारण. मीटरला 1.1 किलो भरतो, पाच मीटर लागला, म्हणजे साडेपाच किलो नुसत्या चौकटीतच गेले. मामा त्या दिवशी नव्हते, त्यामुळे आम्हीच शहाणे, टेबलावर अँगल मांडले आणि एका कोपऱ्यापासून सुरू करून गोल फिरत सगळं पक्कं वेल्डिंग मारून टाकलं. गार झाल्यावर फरशीवर ठेवली तर तीन कोपरे जमिनीला आणि चौथ्याखालून माझं बोट आरामात जातंय. तशाच मोटारी बसवल्या. रिमोटची स्टिक सरळ आणि बॉट निघाला डावीकडे, कारण एक चाक हवेतच.

दुसऱ्या दिवशी मामांनी काही न बोलता टेप काढला आणि दोन्ही कर्ण मोजले. एक 469 मिमी, दुसरा 475.

"वेल्डिंग ओढतंय रे मर्दा. आधी टाके मारायचे, कर्ण बघायचा, मग समोरासमोरचे कोपरे घ्यायचे. एका बाजूनं शिवत सुटलास व्हय, गोधडी हाय का ती?"

वेळ नव्हता, तशीच ठोकून ठोकून सरळ केली आणि एका कॉलेजच्या फेस्टला घेऊन गेलो. पहिलीच मॅच, पहिलीच टक्कर, आणि तीही आमच्याच ड्रमनं समोरच्याला मारलेली. ड्रमचा शाफ्ट आम्ही बाजारात तयार मिळणाऱ्या पेडेस्टल बेअरिंगवर (घरासकट येणारं, बोल्टनं बसवायचं बेअरिंग) टाकला होता, त्यातल्या एकाचं घरच मधोमध फुटलं आणि ड्रम तिरका होऊन आमच्याच पुढच्या पट्टीत अडकला. ते घर बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं. आता कोल्हापूरसारख्या फाउंड्रीवाल्या गावात राहून बीड ठोका सहन करत नाही हे आम्हाला कळू नये, ही लाजच. मामा हसले, म्हणाले बीडावर हत्ती बसव काही होणार नाही, पण हातोडी मार, चहाच्या कपागत फुटतंय. आणि आपण दुसऱ्याला मारतो तेव्हा तेवढाच दणका आपल्या बेअरिंगमधून आपल्याच चेसिसमध्ये येतो, हे पुस्तकात न्यूटनच्या तिसऱ्या नियमात पाठ केलेलं होतं, पण तेव्हा ते मार्कांपुरतं.

दुसरी चेसिस ॲल्युमिनियमची. इथं मात्र गणित करून उतरलो. ॲल्युमिनियमची घनता 2.7, लोखंडाची 7.85, म्हणजे त्याच वजनात जवळजवळ तिप्पट जाड प्लेट मिळते. ॲल्युमिनियम तिप्पट लवचिक आहे हे खरं, पण प्लेटचा वाकण्याला असलेला विरोध जाडीच्या घनानं वाढतो, त्यामुळे सगळं धरून तीच प्लेट साधारण आठपट ताठ निघते. हे आकडे बघून आम्ही इतके खूश की 6061-टी6 या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची 8 मिमी प्लेट आणली आणि एका दुकानातून टिग वेल्डिंग करून घेतलं. वेल्डिंग दिसायलाही एकदम भारी होतं, नाण्यांची चळत आडवी पाडल्यासारखं.

सरावातच तुटली. वेल्डिंग तसंच्या तसं होतं, त्याच्या शेजारी अर्ध्या इंचावर प्लेट फाटली होती. नंतर समजलं की टी6 म्हणजे धातू तापवून पाण्यात बुडवून परत कितीतरी तास मंद आचेवर पिकवलेला असतो, त्याची ताकद त्या पिकवण्यात असते, आणि टिगच्या उष्णतेनं जोडाच्या आजूबाजूची ती सगळी मेहनत वाया जाते, ताकद निम्म्याच्याही खाली येते. म्हणजे महागाची प्लेट आणायची आणि जिथं सगळ्यात जास्त मार बसतो नेमकं तिथंच ती मऊ करून ठेवायची! दुकानवाल्याची काही चूक नाही, त्यानं सांगितलं तेच केलं.

म्हणून तिसरीला वेल्डिंगच नको, सगळं बोल्टवर. आधी पुठ्ठ्याची बनवली, खऱ्या मापाची, आणि मोटार-बॅटरी आत ठेवून बघितलं. मग उलटा हिशोब. ड्रम-शाफ्ट साडेचार किलो, चार मोटारी आणि चाकं 3.6, ड्रमची मोटार 1.2, बॅटरी-वायरिंग 1.4, राहिले 4.3 किलो, आता काय करायचं ते त्यात करा. बाजूच्या दोन प्लेटा 400 बाय 90 बाय 10, प्रत्येकी 970 ग्रॅम, आणि ड्रमचं बेअरिंग थेट या प्लेटेतच बोअर करून बसवलं, मध्ये कुठलं घर नाही, बीड नाही. मागची प्लेट 10 चीच, ड्रमच्या मागं 8 ची आडवी, तळाला 3 मिमी, वर पॉलिकार्बोनेट (मजबूत पारदर्शक प्लॅस्टिक). चाकं 110 ची, म्हणजे वर-खाली दहा-दहा मिमी बाहेर, उलटा पडला तरी पळतो.

खरी डोकेदुखी जोडाची. आम्ही सरळ प्लेटेच्या कडेत ड्रिल मारून आटे पाडले होते, एम5 चे (5 मिमी बोल्टचे), आणि ट्रायललाच दोन बोल्ट आटे घेऊन बाहेर आले, ॲल्युमिनियमचा चुरा बोल्टला चिकटलेला, स्प्रिंगसारखा. मामांनी तो बोल्ट उजेडात धरून बघितला आणि लेथवर 12 मिमीचा लोखंडी गोल बार लावला, त्याचे दहा-दहा मिमीचे तुकडे पाडले, प्रत्येकात आडवं भोक मारून एम5 चे आटे. प्लेटेत कडेपासून आत 12 चं आरपार भोक, त्यात हा तुकडा ठेवायचा, आणि बाहेरच्या प्लेटेतून आलेला बोल्ट कडेतून जाऊन त्याला धरतो. आटे लोखंडात, ओढ मात्र ॲल्युमिनियमच्या जाडीवर. असे सोळा तुकडे करायला दोन संध्याकाळी गेल्या, बर (कापल्यावर कडेला राहणारी धार) काढताना बोटांची सालं निघाली, पण एकदा आवळल्यावर तो कोपरा हलवून बघायला मजा वाटायची, हलायचाच नाही.

काट्यावर ठेवलं तर 15.25 किलो. बोल्ट आणि ते तुकडे हिशोबात धरलेच नव्हते. तळाची प्लेट 3 ची 2 केली, त्यात 260 ग्रॅम सुटले.

अजून एक गंमत. वरचं पॉलिकार्बोनेट न मारताच तडकलं, प्रत्येक बोल्टभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून आम्ही सगळीकडे थ्रेडलॉकर (आटे चिकटवणारं द्रव) लावत सुटलो होतो, आणि ते पॉलिकार्बोनेटला चालत नाही. तिथं आता नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले), थ्रेडलॉकर फक्त धातूत धातू असेल तिथं.

पुढच्या फेस्टला तीन मॅच खेळलो, दोन जिंकल्या. तिसरीत मोटारीवरून ड्रम फिरवणारा पट्टा निसटला, मग नुसते ढकलाढकली करत राहिलो आणि पॉइंटवर हरलो. डाव्या प्लेटेला कडेला खाच पडलीय, नख अख्खं आत जातं. परत आल्यावर मामांनी आधी टेप काढला. दोन्ही कर्णांत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. परत मोजले. मग टेप खिशात टाकत म्हणाले, "चासी ऱ्हाऊ दे आता. त्या पट्ट्याचं काय करतायसा ते सांगा."