आधी उभं राहायचं, मग रायफल : नागपुरातला माझा अनुभव

माझ्याकडे एअर रायफल नेमबाजी शिकायला येणारी बहुतेक पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत येतात, आणि नागपुरात या खेळासाठी त्याहून वाईट काळ नाही. बाहेर ४५ अंश, डोक्यावर पत्रा, कोपऱ्यात कूलर. म्हणून मे महिन्यात मी नेमबाजीच्या जाड जॅकेटला हातच लावू देत नाही. सकाळी साडेसहा ते साडेआठ, साध्या टी-शर्टवर, रायफल टेबलावर टेकवून. पोट्ट्यांचा हिरमोड होतो, कारण त्यांना सगळ्यात आधी तो कडक पोशाखच हवा असतो. पण किटशिवाय सुरुवात, हाच क्रम मला वर्षभर पाळायचा असतो. उन्हाळा फक्त निमित्त.

पहिल्या दिवशी छर्रा मिळत नाही. नळी कायम टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, छर्रा भरायचा बोल्ट उघडा, आणि रायफल खाली ठेवली की नळीत केशरी सेफ्टी दोरी. एवढंच तासभर. हे नियम पोरं पाच मिनिटांत पाठ करतात आणि सहाव्या मिनिटाला मोडतात. मागून आई हाक मारते, 'बेटा, पाणी पिलं का?' आणि बेटा हातातल्या रायफलसकट वळतो. तेव्हापासून पालकांच्या खुर्च्या मी दाराबाहेर मांडतो. दुसरी खोड म्हणजे हात मोकळा करायला छर्रा तोंडात धरणे. छर्रे शिशाचे असतात. लेनवर खाणं बंद, आणि निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

परवान्याची भीती बहुतेक घरांत असते. स्पर्धेची एअर रायफल ४.५ मिलीमीटरची असते आणि छर्ऱ्याची ताकद साधारण ८ ज्यूल. २० ज्यूलच्या आतल्या, या बोअरच्या (नळीच्या मापाच्या) एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. तरी ने-आण बंद पेटीतच करायची आणि क्लबचं ओळखपत्र पेटीतच ठेवायचं. सीताबर्डीच्या चौकात पेटी उघडून दाखवायची वेळ आली तर ते कामी येतं.

आता आकडे, कारण ते कळल्याशिवाय पोरांना 'हलू नको' म्हणण्यात अर्थ नसतो. टार्गेट १० मीटरवर, जमिनीपासून १.४ मीटर उंच. मधला काळा गोल ३०.५ मिलीमीटर, आणि दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलीमीटर. छर्रा त्या ठिपक्याला नुसता शिवला तरी दहा मिळतात, म्हणजे छर्ऱ्याच्या मध्याला अडीच मिलीमीटरची मुभा आहे. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर ८० सेंटीमीटर धरलं, तर पुढची साइट ०.२ मिलीमीटर सरकली की ती मुभा संपली. हे फळ्यावर काढून दाखवलं की वर्ग गप्प होतो. मनगटाच्या जोरावर हे जमणार नाही, हे त्यांचं त्यांनाच कळतं.

टेबलावर टेकवून पहिला महिना. इथे मी गुण लिहूनच घेत नाही. दहा छर्रे कुठेही लागू देत, ते एक रुपयाच्या नाण्याखाली, म्हणजे साधारण २२ मिलीमीटरमध्ये, झाकले गेले पाहिजेत. ग्रुप, म्हणजे छर्ऱ्यांचा पुंजका, एका जागी आला की मग साइट हलवायची, आणि इथे हमखास गोंधळ होतो. जर्मन बनावटीच्या साइटवर अक्षरं रोमन लिपीत असतात, पण जर्मन शब्दांची: 'एच' म्हणजे वर, 'टी' म्हणजे खाली. शिवाय बाण सांगतो तो छर्रा कुठे लागतोय ते, कुठे न्यायचाय ते नाही. छर्रे वर लागत असतील तर 'एच'कडे फिरवायचं, की ते खाली येतात. पोरं उलटं फिरवतात, छर्रे आणखी वर जातात, आणि 'सर, रायफल खराब आहे' सुरू होतं. मी दहा मारायला लावतो, साइटची खुंटी दहा क्लिक, म्हणजे दहा खाचा, फिरवायला लावतो, पुन्हा दहा मारायला लावतो आणि दोन ग्रुपमधलं अंतर पट्टीने मोजून वहीत लिहायला लावतो. आपल्या रायफलचा एक क्लिक किती, हे एकदा स्वतः मोजलेलं विसरत नाही.

पुढच्या साइटची रिंगही सुरुवातीला मोठी द्यायची, ४.२ ते ४.५ मिलीमीटर. लहान रिंगमध्ये काळा गोल कडांना घासतो आणि पोरगं त्याच्या मागे धावत बसतं. दुसरा डोळा मिटायचा नाही, मिटलेल्या डोळ्याचा ताण उघड्यावर येतो. त्या डोळ्यासमोर येईल अशी दुधी प्लॅस्टिकची पट्टी साइटला लावायची. काळी नको, काळ्याने बाहुली मोठी होते. पट्टी ३० मिलीमीटरहून रुंद असेल तर स्पर्धेत काढायला लावतात.

मग उभं राहणं. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि इथेच सगळ्यात जास्त पोरं कंटाळून जातात. उजव्या हाताच्या पोराची डावी बाजू टार्गेटकडे, पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे सरळ पण ताठ आवळलेले नाहीत. डावं नितंबाचं हाड थोडं टार्गेटकडे सरकवायचं, पाठ किंचित मागे आणि डावीकडे वळवायची, आणि डावं कोपर त्या हाडावर किंवा बरगड्यांवर टेकवायचं. रायफलचं वजन हातातून कोपरात, कोपरातून हाडात आणि हाडातून पायात गेलं पाहिजे. डावा दंड चाचपून बघतो. कडक लागला तर रायफल स्नायूंनी धरली आहे, दहाव्या छर्ऱ्याला थरथर येणारच. डोकं रायफलकडे न्यायचं नाही, रायफल गालाशी आणायची. मान वाकलेली असेल तर गालपट्टी वर करायची.

सगळं लागलं की डोळे मिटून तीन श्वास घ्यायचे, मग उघडायचे. रिंग टार्गेटच्या डावी-उजवीकडे दिसली तर हाताने ओढून आणायची नाही, पाय सरकवायचे. मागचा पाय दोन-तीन सेंटीमीटर हलवला की पुरतो. वर-खाली चुकत असेल तर डाव्या हाताची ठेवण बदलायची: मुठीवर रायफल उंच बसते, तळहातावर खाली येते. हाताने ओढून दहा मिळतातही, पण ट्रिगर सुटताच हात मूळ जागी परत जातो आणि छर्रा त्याच बाजूला भरकटतो. टार्गेटच्या कार्डावर एकाच दिशेला सात-आठ गुणांची रांग दिसली की मी आधी पायच बघतो. रांग डावीकडे आणि खाली असेल, तर रायफल डावीकडे कललेली असण्याची शक्यता जास्त.

श्वासाबद्दल फार बोलत नाही. अर्धा सोडायचा, थांबायचं, पाच ते आठ सेकंदांत छर्रा सोडायचा. दहा सेकंद झाले की रायफल खाली. हे 'खाली घेणं' शिकवायला महिने जातात, कारण पोरांना ती हार वाटते. मी त्यासाठी वेगळा सराव ठेवतो: वीस वेळा उचलायची, त्यातली किमान पाच वेळा न सोडता खाली ठेवायची. ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आत सुटणारा असतो, त्यामुळे पहिला टप्पा घेऊन बोट थांबलं पाहिजे. डिसेंबरच्या सकाळी १०-१२ अंशांत बोटं बधिर होतात आणि तो टप्पा जाणवतच नाही. तेव्हा हात खिशात, घाई नाही. सोडल्यावर दोन सेकंद तिथेच राहायचं आणि रिंग शेवटी कुठे होती ते तोंडाने सांगायचं. सांगितलेलं आणि कार्डावरचं जुळायला लागलं की पोरगं नेमबाज व्हायला लागलं, असं मी धरतो.

घरचा सराव छर्ऱ्याशिवाय. चार मीटरची भिंत मिळाली तर १२.२ मिलीमीटरचा काळा गोल, तीन मीटर असेल तर ९.१५ मिलीमीटरचा, उंची तीच १.४ मीटर. रोज वीस मिनिटं. फक्त रायफलला ड्रायची, म्हणजे छर्ऱ्याशिवाय ट्रिगर सोडायची, सोय आहे की नाही ते आधी विचारा. स्प्रिंगची एअरगन रिकामी सोडत राहिली की तिचं सील खराब होतं.

आता खरेदी. सहा महिने काही नाही, फार तर छर्रे. नंतर आधी बूट आणि हातमोजा, मग जॅकेट-पँट, रायफल शेवटी. तेरा वर्षांच्या पोराचं जॅकेट वर्ष-दीड वर्षात आखूड होतं, म्हणून जुनं बघा. स्पर्धेत कापडाची जाडी मोजतात, एका थराला २.५ मिलीमीटरपेक्षा जास्त चालत नाही. घट्ट आवळून बसणारं जॅकेटही तपासणीत अडकतं. रायफलची वजनमर्यादा ५.५ किलो, पण लहान पोरांना चारच्या आसपासची पुरे. परदेशी नवी घ्यायची तर दोन-अडीच लाखांच्या पुढेच विचार करावा लागतो, त्यामुळे बहुतेक जण जुनी शोधतात. जुनी घेताना नळीत डोकावण्याआधी हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. मुदत १० वर्षांची असते. ती उलटली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करा. आणि छर्रे ४.४८ ते ४.५१ अशा मापांत मिळतात. चार डबे मागून घेऊन रायफल टेबलावर टेकवून प्रत्येकाचे दोन ग्रुप काढा. ज्याचा ग्रुप लहान तो आपला, महाग असेल तोच असं नाही.

सिलिंडरवरून पुन्हा उन्हाळा. सकाळी २५ अंशांना २०० बार दाबाने भरलेलं सिलिंडर बंद गाडीत ६० अंशांना २२० च्या वर जातं. वर्धा रोडवर गाडी उन्हात लावून मॉलमध्ये शिरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. भरताना हवा गरम होते, त्यामुळे हळूहळू भरायचं आणि थंड झाल्यावर काटा पुन्हा बघायचा. आणि छर्रे अचानक खाली लागायला लागले तर साइट फिरवण्याआधी दाब बघा. फार उतरला असेल तर छर्ऱ्याचा वेग पडलेला असतो. रेंजवरच्या कूलरचं तोंड टार्गेटकडे नको, कागद फडफडतो. जॅकेटकडेही नको, दमट हवेत ते मऊ पडतं.

स्पर्धांची वाट शालेय स्पर्धांपासून सुरू करावी असं मला वाटतं: १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, जिल्हा, मग विभाग, मग राज्य. ओपन साइट (उघडी खाच) आणि पीप साइट (बारीक छिद्रातून बघायची) यांचे गट वेगळे असतात. प्रवेशिका शाळेकडूनच जाते, तेव्हा क्रीडाशिक्षकांना शाळा उघडल्या उघडल्या सांगा. जन्मदाखला, बोनाफाईड, आधार, फोटो, सगळ्यांवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. पोरगं गेल्या वर्षी 'श्रेयश' आणि यंदा 'श्रेयस' असेल तर नोंदणीच्या टेबलावरच अडकतं. दुसरी वाट महाराष्ट्र रायफल असोसिएशनची: कॅप्टन इझिकेल राज्य स्पर्धा, तिथून पुढे मावळंकर स्पर्धा आणि राष्ट्रीय. पुढे जायला लागणारे किमान गुण त्या त्या वर्षीच्या परिपत्रकात बघायचे, मागच्या वर्षीच्या ऐकीव आकड्यावर तयारी करायची नाही.

मोठ्या स्पर्धेत ६० छर्ऱ्यांना ७५ मिनिटं असतात, त्याआधी १५ मिनिटं तयारी आणि सायटर, म्हणजे गुणांत न धरले जाणारे सरावाचे छर्रे. छर्ऱ्याला सव्वा मिनिट, म्हणजे वेळ भरपूर. तरी नवशिके चाळीस मिनिटांत संपवून बाहेर येतात, कारण शेजारचा भराभर मारत असतो. माझी पोरं दर दहा छर्ऱ्यांनंतर रायफल खाली ठेवून तीस सेकंद बसतात. कागदी टार्गेटवर दोन घोळ नेहमीचे. सायटरच्या कार्डाला वरच्या उजव्या कोपऱ्यात काळी तिरपी पट्टी असते, ती न बघता पोरगं मॅचचे छर्रे तिथेच मारतं. आणि लेन नंबर न वाचता शेजारच्या कार्डावर. तो छर्रा आपल्या खात्यात शून्य. म्हणून प्रत्येक उचलीआधी नंबर मनात वाचायचा, अगदी साठाव्या छर्ऱ्यालाही.

परत आल्यावर पिशवी त्याच रात्री उघडायची. जॅकेट घामाने ओलं असतं. ते रुंद हँगरवर सावलीत, पंख्याखाली. उन्हात टाकलं की चामड्याचे भाग आखडतात आणि पावसाळ्यात पिशवीत राहिलं तर बुरशी धरतं. बुटाचे तळवे पुसून ठेवायचे. साइटचे स्क्रू एकदा बोटाने तपासायचे, प्रवासात ते सैल होतात, आणि पुढच्या सरावाला छर्रे भरकटले की पोरगं दोष आपल्या पायांना देतं.