कपडे वाळत घालायची तार

रात्रभर वाऱ्याने झोडपून काढलं की सकाळी आम्हा लाईनमनचे फोन थांबत नाहीत. त्या दिवशी साडेसातच्या आतच तिसरा फोन आला. पलीकडून एक बाई बोलत होत्या. "आमची सर्व्हिस वायर, पोलवरून घरात येणारी, खाली लोंबतेय. अंगणात उभं राहिलं तर डोक्याला लागेल. घरात लाईट आहे, पंखा चालू आहे."

लाईट आहे म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा येतो. तार तुटून पडली की माणसं आपोआप लांब पळतात. नुसती झोळली असेल आणि घरात पंखा फिरत असेल, तर ती रोजचीच तार वाटते, जरा खाली आलेली. मग कोणीतरी ती वर उचलायला जातो.

मी फोनवरच सांगितलं, "ताई, अंगणात कोणीही उतरू नका. लहान मुलं, कुत्रा, सगळे आत घ्या. तारेखाली गाडी असेल तर राहू द्या, काढायला जाऊ नका. काठी, बांबू, दोरी, तारेला काहीही लावायचं नाही. आणि आम्ही यायच्या आत ती तुटून पडलीच, तर निदान १० मीटर लांब राहा. जवळ असाल तर पळू नका. पाऊल उचलू नका. दोन्ही पाय जमिनीला घासत, पावलाला पाऊल लावून बाजूला व्हा." हे शेवटचं लोकांना चमत्कारिक वाटतं. पण पडलेल्या तारेभोवती जमिनीतही करंट पसरलेला असतो. लांब ढांग टाकली की एका पायाखाली एक व्होल्टेज आणि दुसऱ्या पायाखाली वेगळं, आणि त्या फरकाने करंट एका पायातून वर चढून दुसऱ्यातून उतरतो.

"बरं बरं," त्या म्हणाल्या. "मुलगा बघतोय तिकडे." आणि फोन ठेवला.

त्या तीन शब्दांनी मी चहाचा कप तसाच ठेवून निघालो. हेल्परला वाटेत घेतलं.

पोचलो तेव्हा मुलगा, चोवीस-पंचवीसचा असेल, भिंतीला लावलेल्या ॲल्युमिनियमच्या शिडीवर तिसऱ्या पायरीवर होता. एका हातात बांबू. बांबूच्या टोकाला कोयत्याने छान बेचकं केलेलं. ते तारेखाली घालायचं आणि बांबू जमिनीत रोवायचा, असा त्याचा बेत होता. पायात काही नाही, जमीन ओली. शिडीचं टोक सर्व्हिस वायर ज्यातून घरात शिरते त्या लोखंडी पाइपापासून वीतभरही लांब नव्हतं.

मी फाटकातूनच ओरडलो, "कशालाही हात न लावता खाली उतर. पाइपाकडे जाऊ नकोस."

तो शांतपणे म्हणाला, "दादा, मेन स्विच पाडलाय मी. आता तारेत काही नाही."

आमच्या कामात मला सगळ्यात जास्त भीती या वाक्याची वाटते. पोलवरून येणारी तार आधी मीटरला जाते आणि मीटरनंतर मेन स्विच येतो. तो पाडला की घर बंद होतं. पोलपासून मीटरपर्यंतची तार जशीच्या तशी जिवंत असते. पंखा थांबल्यामुळे माणसाला खात्री पटते, आणि त्या खात्रीवर तो शिडी चढतो. ती तार घरातून बंद करता येतच नाही.

तो उतरला. त्याला मी आडवळणाने कुंपणाच्या कडेकडेने बाहेर बोलावलं. का, ते मलाही तेव्हा नीट सांगता आलं नसतं. अंगणात एक जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी, तार दिसत होती एवढंच. सर्व्हिसच्या पाइपाच्या खालच्या भागाला गुंडाळलेली, तिथून समोरच्या खांबाला बांधलेली. कपडे वाळत घालायची तार. उंबऱ्याशी पिळलेल्या ओल्या कपड्यांची टोपली ठेवलेली होती, आणि ताई दारात उभ्या होत्या.

अशा ठिकाणी आधी हात खिशात ठेवायचे आणि नुसतं बघायचं, हे मला माझ्या पहिल्या वायरमनने शिकवलं. पोलच्या टोकाला जंपर, म्हणजे लाईनला जोडणारे तुकडे, घट्ट होते, तार धरणारा रील इन्सुलेटर जागेवर. मध्ये एका झाडाची फांदी तारेवर रेललेली. भिंतीकडे पाइपाचा वरचा क्लॅम्प प्लास्टरसकट बाहेर आलेला आणि पाइप अंगणाकडे झुकलेला, फार नाही, वीतभर.

"एवढंसं वाकलं तर तार एवढी खाली येते?" मुलाने विचारलं. चांगला प्रश्न होता. पोल आणि भिंत यांत साधारण ३० मीटर अंतर. ताठ ओढलेल्या तारेला एवढ्या गाळ्यात फक्त ५ सेंटीमीटर ढील मिळाली, तर मध्यभागी पाऊण मीटर झोळ पडतो. २० सेंटीमीटरला दीड मीटर. म्हणून तार अचानक खाली दिसली की मी मधला झोळ सोडून आधी दोन टोकं बघतो. कडक उन्हात ॲल्युमिनियमची तार लांबते आणि थोडी खाली येते, ते रोजचं आहे. पण काल वर होती आणि आज डोक्याशी आली, म्हणजे कुठेतरी काहीतरी सुटलेलं आहे. बांबूचा टेकू दिला असता तर पुढच्या झुळकीला तार बेचक्यात घासत राहिली असती, आणि उरलेला क्लॅम्पही निघाला असता. ओला बांबू करंट वाहून नेतो, हे वेगळंच.

मग मी कपड्यांच्या तारेकडे वळलो. पेनसारखा टेस्टर हातभर अंतरावरच वाजायला लागला. हे टेस्टर जवळच्या जिवंत तारेमुळे उगाचही वाजतात, त्यामुळे मी त्यावर विसंबत नाही. रबरी हातमोजे चढवले, ओल्या जमिनीत एक सळई ठोकली आणि दोन टोकांचा टेस्टर लावला. एक टोक सळईला, एक कपड्यांच्या तारेला. २२० व्होल्टच्या आसपास.

हेल्पर काही बोलला नाही. मुलगा मात्र म्हणाला, "मी आत्ता दोनदा हिच्याखालून वाकून गेलो."

तेव्हा ताई दारातूनच म्हणाल्या, "परवा कपडे घालताना हाताला मुंग्या आल्या होत्या मला. मला वाटलं, मान अवघडलीय म्हणून."

परवा. म्हणजे वाऱ्याच्या आधीच पाइप जिवंत झालेला होता. त्या दिवशी त्यांच्या पायात रबरी चप्पल होती आणि जमीन कोरडी. आज जमीन ओली, कपडे ओले, आणि दोन्ही हात वर करून तार धरायची. हातातून छातीतून पायात, असा सरळ रस्ता. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या घरात धरला तर २३० व्होल्टला दोनशेहून जास्त मिलिअँपिअर होतात. साधारण १० मिलिअँपिअरपासूनच हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ५० च्या पुढे काही क्षणांत हृदयाची लय बिघडू शकते.

मुलगा म्हणाला, "आपल्याकडे आरसीसीबी बसवलाय, तो पडला नसता का?" आरसीसीबी म्हणजे गळती झाली की आपोआप पडणारा स्विच. त्याने तो हौसेने बसवून घेतला होता, ३० मिलिअँपिअरचा, उत्तम. पण तो त्याच्यापुढे घरात जाणाऱ्या करंटचाच हिशोब ठेवतो. गळती त्याच्या अलीकडे, पोल आणि मीटरच्या मध्ये. ती त्याला दिसतच नाही. आणि पोलवरचा फ्यूज? पाइपातून ओल्या भिंतीत दोन-तीन अँपिअर झिरपत असतील. फ्यूजच्या दृष्टीने तो एखाद्या इस्त्रीपेक्षाही कमी भार. तो कशाला उडेल?

मी लाईन बंद करायचं परमिट घेतलं, डीपीवर, ट्रान्सफॉर्मरपाशी, जाऊन त्या लाईनचे फ्यूज काढले, काम चालू असल्याचा बोर्ड लावला आणि फ्यूज माझ्याच खिशात ठेवले. टेस्टर आधी दुसऱ्या चालू लाईनवर पेटतो का बघितला, मग आपल्या तारेवर लावला, मग पुन्हा चालू लाईनवर. टेस्टरच मेला असेल तर मेलेली आणि जिवंत तार सारखीच दिसते. त्यानंतर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकमेकांना आणि जमिनीला जोडल्या, म्हणजे अर्थिंग केलं. हेल्पर नवा होता. त्याने विचारलं, "फ्यूज खिशात आहेत, मग हे कशाला?"

मी शिडीवर चढलो आणि दहा मिनिटांत त्याचं उत्तर आलं. लाईट गेल्यामुळे शेजारच्या एका घरात जनरेटर सुरू झाला. आवाज मी वरून ऐकला. तो चेंजओव्हर स्विचमधून, म्हणजे घर लाईनपासून तोडून, नीट जोडलेला असेल तर प्रश्न नाही. नसेल तर त्याचं व्होल्टेज उलटं लाईनवर येतं, माझ्या हातापर्यंत. अर्थिंग जागेवर होतं म्हणून मी पक्कड सोडली नाही. हेल्परने वर माझ्याकडे बघितलं आणि मग अर्थिंगच्या क्लॅम्पकडे. त्याला पुन्हा समजवावं लागलं नाही.

पाइपाच्या तोंडाशी दोष सापडला. तार घासू नये म्हणून तोंडाला बसवायचा बुश तिथे नव्हता. कित्येक वर्षं वारा आला की तार पाइपाच्या धारेवर घासली होती, आणि वजन आधाराच्या जीआय तारेऐवजी सर्व्हिस वायरवरच आलं होतं. आवरणाला करंगळीच्या नखाएवढा काळा डाग, आत ॲल्युमिनियम चकाकत होतं. एवढीच जागा.

जुन्या तारेला पट्टी गुंडाळायचा प्रश्नच नव्हता. पाइप बदलला, क्लॅम्प भिंतीतून आरपार बोल्टने घेतला, तोंडाला बुश घातला, पाइपाला अर्थिंग केलं. फांदी छाटली. नवी सर्व्हिस वायर ओढली, तिचं वजन आधाराच्या तारेवर घेतलं, आणि पाइपात शिरण्याआधी तारेला खाली एक वळसा ठेवला, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच ठिबकतं, पाइपात उतरत नाही. दुपार झाली. लाईन चालू केल्यावर पुन्हा सळई, पुन्हा टेस्टर. पाइपावर शून्य.

कपड्यांची तार मी आधीच कापून काढली होती. मुलाने ती गुंडाळून बाजूला ठेवली आणि कुठूनतरी नायलॉनची दोरी आणली. अंगणाच्या दुसऱ्या कडेला, सर्व्हिसपासून लांब, दोन लाकडी खांबांमध्ये ती त्याने स्वतः बांधली, आणि मला दाखवायला बोलावलं. डाग असलेला वायरचा तुकडा त्याने मागून घेतला.

ताईंनी सकाळपासून उंबऱ्याशी असलेली टोपली उचलली आणि दोरीपाशी आल्या. पहिला कपडा झटकला, हात वर नेला आणि तिथेच थांबल्या. माझ्याकडे बघितलं.

मी हातमोजे काढले आणि दोरी आधी माझ्या हाताने धरली.