माणसं न गमावता निघता आलं पाहिजे

मास्टोडॉनवर (ट्विटरसारखंच सोशल नेटवर्क, पण अनेक वेगवेगळ्या सर्व्हरांवर चालणारं) या म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो, "कुठल्या सर्व्हरवर अकाउंट काढू?" आणि ती सर्व्हरची यादी बघूनच कितीतरी जण कंटाळून परत जातात. त्यांचा कंटाळा मला कळतो, पण माझ्या मते या एका प्रश्नातच सगळं आलं. मोठ्या कंपन्यांच्या साइटवर हे कुणी विचारतच नाही, कारण तिथे मालक एकच, नियम त्याचे, उद्या त्याच्या मनात काही वेगळं आलं तर आपण नुसतं बघत बसायचं.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये एलॉन मस्कने ४४ अब्ज डॉलरला ट्विटर (आताचं एक्स) घेतलं, लोक भराभर मास्टोडॉनकडे यायला लागले, आणि डिसेंबरमध्ये ट्विटरने मास्टोडॉनच्या लिंकाच ब्लॉक केल्या. म्हणजे मी कुठे चाललेय हे माझ्याच मित्रमैत्रिणींना सांगायची सोय नाही! पुढच्याच महिन्यात बाहेरच्या डेव्हलपर्सनी बनवलेली ट्विटरची ॲप्स एका फटक्यात बंद. जाहिरातींचा, अल्गोरिदमचा त्रास आहेच हो, पण मला खरा संताप येतो तो याचा, की वर्षानुवर्षं आपण जोडलेली माणसं आणि त्यांच्याच जोरावर आपल्याला धरून ठेवायचं.

मास्टोडॉन ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या डेव्हलपरने २०१६ मध्ये आणलं. हजारो सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा चालवणारा वेगळा, नियम वेगळे, आणि ते एकमेकांशी बोलतात ॲक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलने, म्हणजे बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, जिला २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने स्टँडर्ड म्हणून मान्यता दिली. त्यामुळे मास्टोडॉनच्या अकाउंटवरून मी पीअरट्यूबवरचं (यूट्यूबसारखंच, पण असंच अनेक सर्व्हरांवर चालणारं) व्हिडिओ चॅनल फॉलो करू शकते, तिथे कमेंटही टाकू शकते, वेगळं अकाउंट काढावं लागत नाही.

आता सर्व्हर बदलायचा झाला तर काय करायचं ते सांगते, कारण हे फार कुणी नीट सांगत नाही. नव्या सर्व्हरवर अकाउंट काढायचं, त्याच्या सेटिंगमध्ये जुन्या अकाउंटचा पत्ता द्यायचा, मग जुन्या अकाउंटवरून 'मूव्ह' करायचं. तुमचे फॉलोअर्स आपोआप नव्या पत्त्यावर येतात, त्यांना काहीच करावं लागत नाही. तुम्ही ज्यांना फॉलो करता आणि ज्यांना ब्लॉक केलंय त्या याद्या फाइल म्हणून डाउनलोड करून नव्या ठिकाणी टाकता येतात. पोस्ट मात्र जुन्याच जागी राहतात, ही मोठी उणीव आहे आणि ती भरून निघायलाच हवी. (ब्लूस्काय या ट्विटरसारख्याच दुसऱ्या नेटवर्कच्या प्रोटोकॉलमध्ये पोस्टसकट हलायची सोय आहे, तेवढ्यापुरतं ते सरस, पण तिथले बहुतेक लोक अजून एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत.)

आणि एक लक्षात ठेवा, 'मूव्ह'साठी जुना सर्व्हर जिवंत लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्विअर डॉट एएफ या मास्टोडॉन सर्व्हरचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, बंद केलं गेलं, कारण 'एएफ' हे अफगाणिस्तानचं डोमेन, त्याचा ताबा तालिबान सरकारकडे. तोपर्यंत जे हलले नव्हते त्यांचा पत्ताच गेला.

म्हणून सर्व्हर निवडताना तो चालवतंय कोण हे मी आधी बघते. ॲडमिनचं, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्याचं, काम बाहेरून दिसत नाही. तुम्ही दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो केलं की त्याच्या फोटो-व्हिडिओंची कॉपी तुमच्या सर्व्हरवर येऊन बसते, डिस्क भरत जाते, ते जुनं साफ करत राहावं लागतं, भाडं वाढतं. वर रिपोर्ट येतात. कुणी शिवीगाळ केली, कुणी स्पॅम टाकला, ते प्रत्येक प्रकरण कुणीतरी माणूस आपली नोकरी सांभाळून रात्री बसून वाचतो आणि ठरवतो, की नुसती ताकीद द्यायची, अकाउंट काढायचं, का त्या माणसाच्या अख्ख्या सर्व्हरशीच संबंध तोडायचा. २०१९ मध्ये गॅब ही कट्टर उजव्या आणि द्वेषाच्या पोस्टसाठी बदनाम असलेली साइट मास्टोडॉनचाच कोड घेऊन आली तेव्हा असंख्य सर्व्हरांनी तिला ब्लॉक केलं. कोड खुला असल्यामुळे गॅबला तो वापरण्यापासून कुणी अडवू शकत नव्हतं, पण आमच्याकडे तुमच्या पोस्ट नकोत हे प्रत्येकाला म्हणता आलं, आणि मला ही व्यवस्था एका ऑफिसात बसून सगळ्या जगासाठी नियम ठरवण्यापेक्षा कितीतरी जास्त पटते.

पण हे सगळं फुकट होत नाही ना! जाहिराती नकोत, डेटा विकायला नको, मग सर्व्हरचं बिल कोण भरणार? थकलेला ॲडमिन एक दिवस "आता जमत नाही" अशी पोस्ट टाकतो, तेव्हा खाली हळहळ व्यक्त करणारे शेकड्याने असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी एकदाही वर्गणी दिलेली नसते. तुमच्या सर्व्हरचं माहितीचं पान आजच उघडा, खर्च कसा भागतो ते तिथे बऱ्याचदा लिहिलेलं असतं, जमेल तेवढे पैसे महिन्याला लावून टाका. पैसे नसतील तर मॉडरेशनला (असे रिपोर्ट बघायला) हात हवाय का विचारा, बहुतेक ठिकाणी हवाच असतो. आणि फॉलो-ब्लॉकच्या याद्या तेवढ्या अधूनमधून डाउनलोड करून ठेवत जा.