दोडका, फळमाशी आणि बदललेलं आमिष

मंडळी, या पावसाळ्यातला पहिला अखंड दोडका उतरवला. हातभर लांब, सरळ, शिरा करकरीत, कुठेही टोचा नाही, डिंकाचा थेंब नाही. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की गच्चीवरच्या बागेतले दोडके कोवळेपणीच वाकून सडतायत, म्हणून वेल उपटून तिथे वालपापडी लावायची. तो बेत रद्द.

त्यावर ज्यांनी ‘परागीभवन कमी पडतंय’ असं कळवलं होतं, त्यांच्यासाठी आधी तेवढं स्पष्ट करते. 3जी कटिंगनंतर (म्हणजे शेंडे दोनदा खुडून तिसऱ्या पिढीच्या फांद्या आणल्यावर) वेलाला मादी फुलं भरपूर आली होती. दोडक्याची फुलं दिवस कलता कलता उमलतात, तेव्हा रोज वर जाऊन नर फूल मादी फुलावर मी हातानेच फिरवत होते. परागीभवन न झालेली कळी टोकाकडून सुकते आणि गळते. तिच्यावर जखम नसते. माझी फळं मात्र बोटाएवढी व्हायची, मग एका बाजूला वाकायची. वाकलेल्या बाजूला सुईच्या टोकाएवढं भोक आणि त्यावर डिंकाचा पारदर्शक मणी. फळ परातीत चिरलं की पांढऱ्या अळ्या, आणि मोठ्या झालेल्या अळ्या चक्क उड्या मारतात. हे काम फळमाशीचंच.

आता सापळ्याबद्दल, कारण सगळा वेळ तिथेच गेला. कृषी सेवा केंद्रात ‘फळमाशीचा सापळा’ मागितला की बहुतेक वेळा मिथाइल युजेनॉलची, म्हणजे वासाने नर माश्यांना खेचणाऱ्या रसायनाची, वडी हातात पडते. आंब्यासाठी ती चोख आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा त्याच आमिषावर चालतो. दुकानदाराने मला ठामपणे सांगितलं की सगळ्या फळमाश्यांना हीच चालते. सापळा भरतही होता, रोज माश्या पडत होत्या, आणि दोडके तरीही सडत होते. डोकं फिरायची वेळ आली होती.

शेवटी मेलेल्या माश्या पांढऱ्या कागदावर ओतून भिंगाखाली पाहिल्या. पाठ काळपट, पंख जवळजवळ स्वच्छ. ही आंब्या-पेरूवरची माशी, शेजारच्या सोसायटीतल्या पेरूवरून येणारी. वेलावर बसलेली माशी तांबूस-पिवळी होती आणि तिच्या पंखांवर तपकिरी पट्टे होते. ही काकडीवर्गीय वेलांवरची वेगळी माशी. तिचे नर मिथाइल युजेनॉलकडे फिरकत नाहीत, त्यांना क्यू ल्यूर हे वेगळ्या वासाचं आमिष लागतं. म्हणजे माझा सापळा इतके दिवस शेजाऱ्यांचे पेरू राखत होता!

दुसऱ्या दुकानातून क्यू ल्यूर आणला. तो लहान दुकानदार ‘कारल्याला की आंब्याला?’ असं आधी विचारतो. बाकी खरेदीही आता त्याच्याकडेच. सापळा वेलाच्या उंचीला टांगला, तळाशी साबणाचं पाणी. दुसऱ्या सकाळी आत पट्टेदार पंखांच्याच माश्या होत्या. तो क्षण मी मनसोक्त उपभोगला.

पण दोन्ही आमिषांवर येतात ते फक्त नर. बाहेरून मीलन होऊन आलेली मादी सरळ कोवळ्या फळावर जाते. म्हणून पिशव्या लागतातच. वर्तमानपत्राची नळी पहिल्या सरीत लगदा होते. डाळिंबवाल्यांची नॉन-वोव्हन पिशवी चांगली, पण लांब दोडक्याला आखूड पडते. जुन्या मच्छरदाणीच्या बाह्या शिवल्या, तर जाळी फळाला चिकटली की मादी जाळीतूनच टोचते. तोडगा असा निघाला की पाण्याच्या बाटलीच्या दोन चकत्या कापायच्या, बाहीत वर-खाली बसवायच्या, म्हणजे जाळी फळापासून लांब राहते. फूल गळताच बाही चढवायची. कालचा दोडका अशाच बाहीतला आहे. खर्च फक्त दोऱ्याचा.

तिसरा भाग जमिनीचा. अळी फळातून बाहेर पडली की मातीत वरच्या काही सेंटिमीटरमध्ये कोष करते. शेतात ती कुठेही शिरेल, गच्चीवर मात्र तिला माती मिळते ती आपल्या ग्रो बॅगमध्येच, म्हणजे झाडं लावायच्या मातीच्या पिशवीत. म्हणून वेलाखाली जुनी साडी अंथरली आहे, बॅगेतला पालापाचोळा काढून निंबोळी पेंड मिसळली आहे, आणि टोचलेलं फळ कंपोस्टात अजिबात जात नाही. ते काळ्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवायचं. कुंपणावर आपोआप उगवलेल्या तोंडलीचाही बंदोबस्त करायचाय, कारण ही माशी तिथेही वाढते. वॉचमनकाकांशी बोलणं झालंय, तोंडली तेच तोडून देणार आहेत.

हे लिहिताना एक गोष्ट सुचली. ही माशी फळावर फक्त अंडी घालायला येते, एरवी आजूबाजूच्या उंच, रुंद पानांच्या झाडांवर बसते, मक्यावर तर हमखास. मग वालपापडीसाठी ठेवलेल्या कोपऱ्यातल्या दोन बॅगांमध्ये मका का लावू नये? अंडी तयार व्हायला मादीला प्रथिनं लागतात, तेव्हा गूळ आणि यीस्टचं पाणी वाटीत घालून त्या मक्यातच ठेवता येईल. म्हणजे नरांना क्यू ल्यूर, माद्यांना गूळ-यीस्ट. वालपापडी कठड्याला हलवते. मका आजच भिजत घालते.

आता हिशेबवही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 400 ग्रॅम भाजी सांगितली आहे. आम्ही घरात पाच, म्हणजे दिवसाला 2 किलो, महिन्याला 60 किलो. एवढं गच्चीतून निघणार नाही आणि तो हट्टही नाही. कांदा, बटाटा, कोबी मंडईतूनच आणायचे. कुंडीत बटाटे लावणं मला माती आणि पाण्याची उधळपट्टी वाटते. गच्चीत लावायचं ते लवकर कोमेजणारं आणि पावसाळ्यात महागणारं: अळू, मायाळू, अंबाडी, राजगिरा, कोथिंबीर, मिरची, आणि वेलांपैकी दोडका-कारलं. रोज जे उतरेल त्याचा त्या दिवशीचा मंडईतला भाव वहीत लिहिते, आणि बागेचा प्रत्येक खर्च भाजीच्याच खात्यात टाकते. तसं केलं की 240 जीएसएमची (म्हणजे जाड कापडाची) ग्रो बॅग महाग वाटत नाही. ती वर्षानुवर्षं टिकते, पातळ बॅगा मात्र पुण्याच्या एका उन्हाळ्यात फाटतात. आणि नर्सरीतलं निव्वळ कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याच्या भुशाचं) ‘तयार मिश्रण’ घेऊ नका. त्यात पोषण जवळजवळ नसतंच, पुढे सगळा खर्च खतावर होतो. पालापाचोळा कुजवून घरी केलेल्या अमृतमातीला वेळ लागतो पण पैसा नाही.

दोडका गेला तरी वही तोट्यात नव्हती, ती अळूमुळे. न्हाणीघराच्या पाण्यावरच्या त्या दोन टबांनी पूर्ण श्रावण फदफदं पुरवलं. ऋषिपंचमीला मंडईत अळू-अंबाडीच्या जुड्यांचे भाव चढतात. आमच्या ऋषीच्या भाजीत सुरण आणि कणसं सोडून सगळं गच्चीवरचं होतं. बैलाच्या कष्टाचं नको हा नियम तर आपल्या बागेला आपोआपच लागू पडतो. सासूबाईंनी ती भाजी वरच्या मजल्यावरच्या काकूंना आवर्जून नेऊन दिली.

दोडक्याची भाजी मूगडाळ घालून झाली, शिरांची तीळ-खोबऱ्याची चटणी झाली. बाह्यांमध्ये अजून फळं धरलेली आहेत. कारल्याला हाच उपाय करणार आहे, पण कारलं मध्येच फुगीर असतं, त्याला चकती केवढी ठेवायची? कोणी जाळीच्या बाह्या कारल्यावर वापरल्या असतील तर मापं कळवा, शनिवारी मशीन काढून शिवायला बसणार आहे.