आचारी, आचार्य आणि अर्धा 'र'

टिळक रस्त्यावरच्या कला महाविद्यालयात उपयोजित कला शिकताना मी बोरूने अक्षरे गिरवली आणि गेली अठरा वर्षे पुण्यातच संगणकासाठी देवनागरी फॉन्ट तयार करतो आहे. मी कलाकार की तंत्रज्ञ, असे कोणी विचारले की मला एक अर्धा 'र' आठवतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्या फॉन्टमध्ये छापलेली एका लग्नाच्या कामांची यादी परत आली. 'आचाऱ्यांना आगाऊ रक्कम द्यावी' याऐवजी तिथे 'आचार्यांना' छापले गेले होते. माझे वडील सदाशिव पेठेतल्या छापखान्यात खिळे जुळवत असत. यादी पाहून ते म्हणाले, "अरे, आमच्याकडे या 'र'चा वेगळा खिळा असायचा."

हिंदीचे रफारावर भागते. मराठीला मात्र पापणीसारखा हा अर्धा 'र'ही लागतो. युनिकोडमध्ये साधा 'र' ०९३० या क्रमांकावर, तर खाली टिंब असलेला 'ऱ' ०९३१ वर आहे. या दुसऱ्याचा पाय मोडून पुढे 'य' आला की पापणी उमटावी, हा नियम फॉन्टमध्ये लिहावा लागतो आणि तो आमच्याकडून राहून गेला होता. पाय मोडलेला 'ऱ' तसाच दिसतो म्हणून ऑपरेटरने साधा 'र' टंकला आणि 'य'वर रफार चढला.

नियम लिहायला अर्धा तास पुरला, पण त्या पापणीचे वळण साधायला तीन आठवडे लागले, कारण मोठ्या आकारात डौलदार दिसणारी ती रेघ बारीक टायपात पार पुसट होत होती. शेवटी मी पुन्हा बोरू हातात घेतला, तो कुठे दाबला जातो आणि कुठे वळतो हे कागदावर पाहिले आणि मगच पडद्यावरचे बिंदू हलवले.

र. कृ. जोशी यांच्याबद्दल मला आदर वाटतो तो याचसाठी. सुलेखनकार, कवी, जाहिरात क्षेत्रातले कलादिग्दर्शक आणि मुंबईच्या आयआयटीतले शिक्षक असलेल्या या माणसाने विंडोजसाठी 'मंगल' हा फॉन्ट घडवला. त्यांच्या कामात हाताचे वळण आणि यंत्राचा नियम यांची फारकत कधी झाली नाही.

सध्या मी 'ल' आणि 'श' यांवर काम करतो आहे. मजकुराची भाषा मराठी असेल तर मराठी वळणाची अक्षरे यावीत आणि हिंदी असेल तर हिंदी वळणाची, अशी सोय एकाच फॉन्टमध्ये करायची आहे. काल वडिलांना त्याचे प्रूफ दाखवले. त्यांनी भिंग घेतले, 'ल' आणि 'श' तसेच सोडले आणि आधी 'दऱ्या' हा शब्द शोधून काढला.