लाल बटण

"साहेब, आत्ता मी हे लाल बटण दाबलं तर वाजेल कुठं?" वॉचमन काकांनी विचारलं आणि माझा हात कीबोर्डवरच थांबला.

इंदिरानगरमधली सोसायटी. इंटरकॉमच्या अलर्ट अडॅप्टरला, म्हणजे गेटवरचं बटण दाबलं की ठरलेल्या ठिकाणी इशारा पाठवणाऱ्या डब्याला, लॅपटॉपवरून सीरियल केबल लावलेली, काळ्या स्क्रीनवर त्याच्या सेटिंगचा मेनू. माऊस चालत नाही, आकडा टाकायचा आणि एंटर. अलर्टचा पत्ता, म्हणजे इशारा कुठं वाजणार ते, उघडला, तर जुन्या सेक्रेटरींचा फ्लॅट. ते कधीच पुण्याला गेलेत. फ्लॅटला कुलूप.

पत्ता बदलला. सेव्ह न करता बाहेर पडलं तर सगळं पाण्यात, म्हणून सेव्हचा आकडा दोनदा बघून टाकला. मग काकांनाच बटण दाबायला लावलं. चौथ्या मजल्यावरच्या काकू धावत बाल्कनीत आल्या.

काका हळूच म्हणाले, "रात्रपाळीला मी ह्याच्याच भरवशावर बसायचो."

तुमच्या गेटवरचं बटण शेवटचं कधी दाबून पाहिलंत?