मोबाईल असताना छोटा कॅमेरा कशाला, आणि घ्यायचाच तर कोणता?

पोळा जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो. दिवाळीनंतर भंडारा-गोंदियाकडे मंडया (गावोगावच्या जत्रा) सुरू झाल्या की पुन्हा येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सरळच सांगतो: स्वस्तातला छोटा कॅमेरा घेऊ नका. त्यापेक्षा मोबाईल बरा. घ्यायचाच असेल तर एक इंची सेन्सरचा (सेन्सर म्हणजे आतली उजेड टिपणारी चिप) घ्या. नवा परवडत नसेल तर जुना घ्या, पण हातात घेऊन तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

डब्यावर ‘२० मेगापिक्सेल’ ठळक छापलेलं असतं आणि सेन्सरचं माप बारीक अक्षरांत कुठेतरी कोपऱ्यात. बघायचं ते मापच. साध्या कॉम्पॅक्टचा, म्हणजे खिशात मावणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याचा, सेन्सर १/२.३ इंची म्हणतात. प्रत्यक्षात तो ६.२ बाय ४.६ मिमी भरतो, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. ‘एक इंची’ म्हणवणारा १३.२ बाय ८.८ मिमी असतो, साधारण फल्लीच्या (भुईमुगाच्या) दाण्याएवढा. (यात एक इंच कुठेच नाही. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या मापावरून ते नाव चिकटलंय.) क्षेत्रफळात हा फरक चौपट आहे. आजकालच्या मध्यम किमतीच्या मोबाईलचा मुख्य सेन्सरही बहुतेक वेळा तुरीच्या दाण्यापेक्षा मोठा असतो. मग त्या स्वस्त कॅमेऱ्यात उरतो फक्त खरा झूम, तोही भर उजेडात चालणारा.

दुसरी बघायची गोष्ट लेन्सच्या कड्यावर कोरलेली असते. कॅनन आयएक्सस १८५ वर १:३.२-६.९ दिसेल, जी७ एक्स मार्क २ वर १:१.८-२.८. ‘१:’ नंतरचा पहिला आकडा झूम न करता, दुसरा पूर्ण झूमवर. आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. ३.२ आणि १.८ मध्ये तिपटीहून अधिक फरक पडतो. सेन्सरची चौपट त्यात धरली की ओसरीवरच्या एका बल्बच्या उजेडात आजीचा चेहरा एका कॅमेऱ्यात का येतो आणि दुसऱ्यात नुसता रवाळ का दिसतो, ते कळतं.

तिसरी गोष्ट शहरातले लोक सांगत नाहीत, कारण त्यांना तिची गरज पडत नाही. वैशाखात दुपारी बारा वाजता वावरात उभं राहून मागच्या स्क्रीनवर काही दिसतं का बघा. स्वतःचाच चेहरा दिसेल. म्हणून डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर हवा. सोनी आरएक्स१०० च्या तिसऱ्या मॉडेलपासून (२०१४) तो वर उचलून काढता येतो. पॅनासॉनिक टीझेड१०० मध्येही आहे, आणि त्याचा झूम २५ ते २५० पर्यंत, म्हणजे दहापट जातो. तलावावरच्या पक्ष्यांसाठी बरा, पण लेन्स जरा अंधारी. जी७ एक्समध्ये व्ह्यूफाइंडर नाही. घरातले, लग्नातले फोटो जास्त असतील तर तो चालेल, शेतातले जास्त असतील तर सोनी. रिको जीआर ३ चं कौतुक तुम्ही ऐकलं असेल. सेन्सर याहून कितीतरी मोठा आहे, पण झूम अजिबात नाही आणि धूळ आत शिरण्याबद्दल त्याची ख्याती आहे. आपल्याकडे विदर्भात मी तो सुचवणार नाही.

घेतल्यावर पहिली अडचण पांढऱ्या रंगाची येते. काळ्या मातीत पांढरा बैल उभा असला की कॅमेरा माती बघतो, फोटो उजळवतो आणि बैलाच्या अंगावरची झूल, वशिंडाची गोलाई सगळं कागदासारखं पांढरं होऊन जातं. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची +/- सेटिंग) उणे ०.७ करा. उलट, फुटलेल्या पऱ्हाटीने सगळी चौकट भरली तर कॅमेरा तो कापूस राखाडी करून टाकतो. तिथे अधिक ०.७. एकाच वावरात दोन उलटे आकडे, हे गोंधळाचं वाटतं खरं.

मंडईतली दंडार (लोकनाट्य) किंवा झाडीपट्टीचं नाटक रात्री काढायचं तर फ्लॅश बंद करा, तो काही मीटरपलीकडे फारसं उजळत नाही. आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२००, शटर १/१०० सेकंद. १/१०० अशासाठी, की आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. १/५०० ठेवलं तर एक फोटो उजळ आणि दुसरा अंधारा येऊ शकतो. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर फोटोत आडवे पट्टेही येऊ शकतात.

आता जुना घेताना. दहा वेळा चालू-बंद करा. लेन्स बाहेर येताना करकर वाजली किंवा अडखळली, की परत द्या. लेन्सच्या नळीत धूळ गेली आहे किंवा आतल्या चाकांचे दाते झिजलेत, आणि बहुधा अख्खी लेन्स बदलायला लागते, त्यात जुन्या कॅमेऱ्याची किंमत निघून जाते. लेन्सवरच्या झाकणाची पाती पूर्ण उघडतात का बघा. अर्धवट अडकली तर फोटोचे कोपरे काळे येतात. मग लेन्सचा आकडा जमेल तितका मोठा ठेवून (एफ/८ किंवा एफ/११) आभाळाचा फोटो काढून मोठा करून बघा: राखाडी ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ. शेवटी भिंतीवर वर्तमानपत्र लावून, समोर सरळ उभं राहून एक फोटो घ्या. एका बाजूची अक्षरं स्वच्छ आणि दुसऱ्या बाजूची पुसट असतील तर लेन्स तिरकी बसली आहे, बहुधा कॅमेरा कधीतरी पडलेला आहे, विकणारा काहीही म्हणो. बॅटरी फुगलेली नको. केबलने थेट चार्ज होणारा असेल तर उत्तम, लाईट गेल्यावर पॉवर बँक कामी येते.

धुळीचं कारण समजून घ्या. ही लेन्स आत-बाहेर होते ती भात्यासारखी, प्रत्येक वेळी हवा ओढते. जिनिंगमध्ये किंवा मळणीयंत्राजवळ झूम करत बसू नका, आणि उघडा कॅमेरा खिशात नको. खिशातला कापसाचा तंतू कड्याच्या फटीत जाऊन बसतो. चेनची छोटी पिशवी पुरते. धूळ दिसली तर लेन्स खाली करून रबरी फुग्याने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.

बहुतेक कंपन्या कॅमेरा ४० अंशांपर्यंतच चालेल असं सांगतात आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ वर जातो, तेव्हा बंद गाडीत ठेवू नका. पण खोलीत ठेवतानाही एक गोष्ट सुटते: कूलर. ती गार हवा ओली असते आणि दोन महिने त्या हवेत पडलेल्या लेन्सवर बुरशीची जाळी धरू शकते. पावसाळ्यात तर विचारू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून कॅमेरा ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर निळे होईपर्यंत तापवा, फक्त भाकरीच्या तव्यावर नको. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. त्यासाठी एखादं फुटकं पातेलं वेगळं ठेवा.